आधी कोण जाणार?

साठीच्या आसपास कुणी दुसरं लग्न करायचं ठरवलं, की त्याच्याभोवती दोन फळ्या पडायला आठवडाही लागत नाही. एका फळीचं म्हणणं, ही बाई इस्टेटीवर डोळा ठेवून आली आहे. दुसरीचं म्हणणं, खरा डोळा मुलांचाच. बापाचा एकटेपणा त्यांना दिसत नाही, घर तेवढं दिसतं. लग्न करणारी बाई असेल आणि घर तिच्या नावावर असेल, तर हेच संवाद माणसं बदलून म्हटले जातात. दोन्ही फळ्या तावातावाने बोलतात आणि दोन्ही एकच उद्योग करत असतात: दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखण्याचा. सावत्र आई प्रेमळ की आपमतलबी, मुलं हळवी की हावरी, याच खुंट्याभोवती हा वाद वर्षानुवर्षं फिरतो आहे. मला तो निरर्थक वाटतो. पुनर्विवाहानंतर मालमत्तेवरून जी कुटुंबं फुटतात, ती माणसांच्या स्वभावामुळे कमी आणि मरणाच्या क्रमामुळे जास्त फुटतात. तो क्रम कुणाच्याच हातात नसतो. म्हणून ज्याची मालमत्ता आहे त्याने लग्नाआधीच लिहून ठेवलं पाहिजे, आणि ते लिहिताना ‘कुणाला किती’ याच्याही आधी ‘वापर कुणाचा, मालकी कुणाची’ हे ठरवलं पाहिजे, असं माझं मत आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. विधुर गृहस्थ, पहिल्या लग्नाची दोन मुलं. दुसरी पत्नी विधवा, तिला आधीची एक मुलगी. घर त्याच्या कमाईचं, त्याच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्र नाही. 1956 चा हिंदू वारसा कायदा लावला तर तो गेल्यावर (त्याची आई हयात नाही असं धरू) पत्नी आणि दोन मुलं यांना सारखे तीन हिस्से. पुढे पत्नी गेली की तिचा तिसरा हिस्सा तिच्या मुलीला, मग तो नवऱ्याकडून आलेला का असेना. नवऱ्याकडून आलेलं नवऱ्याच्या वारसांकडे परत जातं ते तिला स्वतःचं मूलबाळ नसेल तरच. आता क्रम उलटा करा. पत्नी आधी गेली, मग तो. घर सगळं त्याच्या दोन मुलांचं. त्याच छताखाली वाढलेल्या, त्याला बाबा म्हणणाऱ्या तिसऱ्या मुलीला काहीच नाही, कारण कायद्यातल्या ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ या शब्दांत सावत्र मूल बसत नाही. स्त्रीच्या वारसांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये हेच सांगितलं: सावत्र मुलगा तिचा ‘मुलगा’ म्हणून वारस होत नाही, नवऱ्याचा वारस म्हणून मागच्या रांगेत उभा राहतो.

आणि समजा त्या भल्या माणसाने मृत्युपत्र केलं, ‘माझं सर्व पत्नीला, ती मुलांचं बघेल’. तो आधी गेला. घर तिचं झालं. ती मृत्युपत्र न करता गेली. आता पूर्ण घर तिच्या मुलीचं आणि त्याच्या दोन मुलांच्या हाती भोपळा. यात लबाडी कुणी केली? नवरा उदार होता, बायको बहुधा ‘उद्या लिहू’ म्हणत होती, मुलीने तर काही मागितलंही नव्हतं. त्याच माणसांत, त्याच घरात, फक्त जाण्याचा क्रम बदलला आणि घराचे मालक बदलले. मग स्वभावावर एवढी चर्चा कशासाठी?

हा क्रम किती आंधळा असू शकतो याचं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. ऑक्टोबर 2016 मध्ये एक वृद्ध जोडपं आपल्या बंगल्यात मृतावस्थेत सापडलं. नवरा 79 वर्षांचा, बायको 69. दोघांनाही आधीच्या संसारातली मुलगी होती. घर दोघांच्या सामाईक नावावर, म्हणजे मागे राहील त्याचं. दोघेही थंडीने गारठून गेले होते, पण आधी कोण गेलं? त्या दोन सावत्र बहिणींचा खटला न्यायालयात उभा राहिला आणि मृतदेहांच्या अवस्थेवरून वैद्यकीय युक्तिवाद झाले. शेवटी 2019 मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की क्रम सिद्ध होत नाही. मग 1925 च्या कायद्यातलं गृहीतक लागू झालं: खात्रीने सांगता येत नसेल तेव्हा वयाने लहान असलेली व्यक्ती मागे राहिली असं धरायचं. घर बायकोच्या मुलीकडे गेलं. असंच गृहीतक आपल्या वारसा कायद्यातही आहे, कलम 21. नवऱ्याच्या मुलीचा दोष एवढाच, की तिच्या वडिलांचा जन्म दहा वर्षं आधी झाला होता.

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी एका कोळ्यांच्या प्रमुखाने नेमका विचारला होता. शंतनूने सत्यवतीला मागणी घातली तेव्हा दाशराजाने राजाच्या रूपाची, राज्याची चौकशी केली नाही. विचारलं ते एवढंच, की हिच्या पोटी येणाऱ्या मुलाचं काय? पहिल्या घरचा मुलगा तरणाबांड आहे, युवराज आहे. देवव्रताने आपला हक्क सोडला, तरी म्हातारा हलला नाही. तू सोडलास रे बाबा, पण तुझी मुलं उद्या मागायला आली तर? या माणसाकडे लोभी म्हणूनच पाहायची आपल्याला सवय आहे. मला तो त्या कथेतला सगळ्यात जागा माणूस वाटतो. लग्नाआधी, सगळ्यांच्या देखत, पुढच्या पिढीपर्यंतचा प्रश्न विचारणारा बाप. त्याचा प्रश्न बरोबर होता. त्याने घेतलेलं उत्तर चुकीचं होतं. सगळं एका पारड्यात टाकून घेतलं आणि दुसऱ्या पारड्यातल्या माणसाला जन्मभर रिकामं ठेवलं. शिवाय ‘हिची मुलंच निपुत्रिक गेली तर?’ हे कलम करारात नव्हतंच. चित्रांगद लढाईत गेला, विचित्रवीर्य मूल न होता गेला, आणि जो गादीवर बसू शकला असता तो प्रतिज्ञेने बांधलेला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

विरोधी बाजूचा पहिला मुद्दा मी हलका मानत नाही. उतारवयात दोन माणसं मोठ्या धीराने जवळ येतात, आणि पहिल्याच भेटीत टेबलावर सातबारा नाहीतर पासबुक ठेवायचं? नातं रुजायच्या आत हिशेब आला की त्याला वास येतो, हे खरं आहे. अशा बोलणीत जुळत आलेलं लग्न मोडलेलं मी पाहिलं आहे. पण न बोलल्याने हिशेब नाहीसा होतो का? तो फक्त पुढे ढकलला जातो आणि अशा दिवशी उघडतो, ज्या दिवशी उत्तर माहीत असलेला एकमेव माणूस उठून गेलेला असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मृत्युपत्राच्या बाबतीत ती मूठ आपण गेल्यावर दुसरे उघडतात, तीही वकिलाच्या साक्षीने.

‘आमचं ठरलंय, आम्ही दोघांनी एकमेकांच्या नावे सारखीच मृत्युपत्रं केली आहेत, मागे राहील तो तिन्ही मुलांना देईल’, हा याच भाबडेपणाचा जरा सुशिक्षित प्रकार. मृत्युपत्राचा धर्मच बदलता असण्याचा आहे. मागे राहिलेला माणूस दुसऱ्याच दिवशी नवं करू शकतो. दोघांनी ते न बदलण्याचा करार केला असेल तर मागे राहिलेला त्यात बांधला जातो, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयाने 1769 मध्येच मांडलं. पण असा करार झाला होता हे सिद्ध कोण करणार, आणि साक्षीला कोण येणार? शिवाय वचन मोडायला माणूस वाईट असावा लागत नाही. दहा वर्षं पुढे गेलेली असतात. सावत्र मुलांचे फोन विरळ झालेले असतात, पोटच्या मुलीने बिछान्यापाशी रात्री काढलेल्या असतात, घर विकून उपचार केलेले असतात. त्या बाईला दोष द्यायला माझी जीभ रेटणार नाही. पण त्याची मुलं बसायची ती हात हलवतच.

‘कायदा आहे ना, तो बघेल’ असं म्हणणारे त्याहून अधिक. कायदा कोणता, कुठला? इंग्लंडमध्ये 1837 च्या कायद्याने लग्न केलं की जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. म्हणजे पहिल्या लग्नाच्या मुलांसाठी जपून लिहिलेला कागद दुसऱ्या लग्नाच्या सहीबरोबर संपतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. हा नियमच काढून टाका, अशी शिफारस तिथल्या विधी आयोगाने 2025 मध्ये केली. आपल्याकडे हिंदूंच्या बाबतीत बरोबर उलटं: लग्नाने मृत्युपत्र रद्द होत नाही. वीस वर्षांपूर्वीचं, नव्या जोडीदाराचा नामोल्लेखही नसलेलं मृत्युपत्र जसंच्या तसं जिवंत राहतं. दोन्हीकडे कायदा काहीतरी करतोच. ते तुमच्या मनासारखं असेल असं त्याने कुणालाही सांगितलेलं नाही.

त्यात नॉमिनीचा घोळ. ‘नॉमिनी लावलाय’ म्हणजे ‘दिलंय’ अशी आपली पक्की समजूत. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्येच सांगितलं होतं, की नॉमिनी पैसे घेणारा हात आहे, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा तेच सांगितलं. मधल्या काळात, 2015 मध्ये, विमा कायदा बदलला आणि आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याचे पैसे त्यांचेच, असं झालं. म्हणजे एकाच माणसाच्या कपाटात शेअर्सचा नॉमिनी हमाल आणि विम्याचा नॉमिनी मालक. जुन्या फॉर्मवर कुणाचं नाव आहे हे पाहायचं मात्र राहून जातं. अमेरिकेत 1994 मध्ये एक माणूस घटस्फोटानंतर जेमतेम दोन महिन्यांनी अपघातात गेला. नोकरीतल्या विम्याच्या आणि पेन्शनच्या कागदावर घटस्फोटित पत्नीचंच नाव होतं. त्याच्या आधीच्या लग्नाची मुलं सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. 2001 मध्ये निकाल लागला: कागदावर जिचं नाव, पैसे तिचे.

आता सगळ्यात जड मुद्दा. बारा वर्षं औषधांच्या वेळा कुणी पाळल्या? दवाखान्याच्या बाकावर कोण बसलं? मुलं परगावी होती, प्रेमळ होती, व्हिडिओ कॉलवर होती. मग शेवटी तिला नुसता ‘राहण्याचा हक्क’ द्यायचा आणि घर त्यांना, हा न्याय झाला का? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला इतिहासही आहे, कारण पुनर्विवाहाविषयीचे कायदे बऱ्याच वेळा नव्या जोडीदाराच्या संशयातूनच जन्मले. रोमन सम्राट लिओने पाचव्या शतकात नियम केला की पुनर्विवाह करणाऱ्याने नव्या जोडीदाराला आधीच्या मुलांपैकी सगळ्यात कमी मिळणाऱ्यापेक्षा जास्त देऊ नये. फ्रान्सच्या 1560 च्या फर्मानाने विधवांवर तेच बंधन घातलं. आणि आपला 1856 चा विधवा पुनर्विवाह कायदा, ज्याचा आपण रास्त अभिमान बाळगतो, त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलं होतं की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क ती जणू त्याच क्षणी मेली असं समजून संपेल. एका हाताने लग्न दिलं, दुसऱ्या हाताने छप्पर काढून घेतलं. अशा परंपरेच्या ओळीत उभं राहायची मला मुळीच हौस नाही.

म्हणून मान्य करतो: जिने केलं तिला जास्त द्यावंसं वाटत असेल तर द्या. सगळं द्या. पण मग ते मुलांना आपल्या तोंडाने, आपण जिवंत असताना सांगा. तिच्यावर ढकलू नका. माझी तक्रार उदारपणाविषयी नाही, मुक्या उदारपणाविषयी आहे. शिवाय पात्रतेच्या वादात एक गोष्ट निसटते. त्या बाईला काय लागतं? कुणी उठवणार नाही असं घर, महिन्याचा खर्च, आजारपणाची सोय. मुलांना काय हवं असतं? बहुतेकदा आईबापांनी मिळून उभं केलेलं घर तिसऱ्याच कुटुंबात जाऊ नये, एवढंच. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. आपण ‘घर’ हा एकच शब्द वापरतो म्हणून त्या आड येताना दिसतात.

माझ्या पाहण्यातल्या एका घरात भांडणाची सुरुवात घरावरून झालीच नाही. पहिल्या बाईंचं पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं, काळं, सोनेरी नक्षी झिजलेलं, खणात अजून तिच्या हातचे रिळ आणि एक खडूचा तुकडा. वडील गेल्यावर सहा महिन्यांनी दुसऱ्या बाईंनी खोली आवरली आणि मशीन एका गरजू शिंपिणीला देऊन टाकलं. सद्हेतूने. मुलगी आली, तिने मोकळा कोपरा पाहिला, काही न बोलता परत गेली आणि पंधरा दिवसांनी नोटीस आली. मशीनची नव्हे, फ्लॅटच्या हिश्श्याची. मृत्युपत्रात ‘घरातील सर्व चीजवस्तू पत्नीस’ अशी एक ओळ होती. ती ओळ लिहिताना वडिलांच्या डोळ्यांसमोर फ्रिज आणि कपाटं असणार.

तर वापर आणि मालकी वेगळी करायची: पत्नीला तहहयात राहण्याचा आणि उत्पन्नाचा हक्क, तिच्यामागे मालकी मुलांची. अमेरिकेने 1981 मध्ये करकायद्यातच अशा व्यवस्थेची सोय करून दिली, ती असली कुटुंबं वाढली होती म्हणूनच. पण हाही उपाय निर्दोष नाही, आणि त्याच्यावरची सगळ्यात बोचरी टीका फ्रान्सच्या कायद्यात सापडते. तिथे 2001 च्या सुधारणेनंतर मुलं दोघांचीच असतील तर मागे राहिलेल्या जोडीदाराला पूर्ण मालमत्तेचा हयातीपुरता वापर किंवा चौथा हिस्सा मालकीने, यातलं एक निवडता येतं. आधीच्या संसाराची मुलं असतील तर निवड नाही. चौथा हिस्सा घ्या आणि मोकळे व्हा. कारण सरळ आहे. दुसरी पत्नी मुलांच्याच वयाची असेल तर मुलांनी कशाची वाट पाहायची? तिच्या मरणाची. आणि तिने कसं जगायचं? आपल्या मरणाची वाट पाहणाऱ्यांच्या घरात, भाडेकरूसारखं.

हे खरंच आहे, आणि नुसतं ‘तहहयात’ लिहून थांबणाऱ्याने या टीकेला सामोरं जायलाच हवं. माझं उत्तर असं, की मुलांना वाट पाहायला लावूच नये. विमा, ठेवी, जे काही हातात येण्यासारखं आहे त्यातला ठरलेला भाग मुलांना आपण गेल्यागेल्या मिळावा. घर तेवढं थांबेल. पत्नीला ते घर विकून लहान घरात जायची मुभा हवी आणि तिचा हक्क त्या नव्या घराला चिकटायला हवा, नाहीतर लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर ती कैदी होते. मृत्युपत्राचा व्यवस्थापक दोन्ही घरांबाहेरचा हवा. आणि ‘तिने पुन्हा लग्न केल्यास हक्क संपेल’ ही ओळ, जी नमुन्याच्या मसुद्यांत हटकून येते, ती खोडा. स्वतः दुसरं लग्न करणाऱ्याने 1856 चं कलम आपल्याच पेनाने पुन्हा लिहावं, याला काय म्हणायचं?

आपल्याकडे आणखी एक खाचखळगा आहे. हिंदू स्त्रीला पोटगीच्या हक्कापोटी मर्यादित हक्काने मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची होते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये तुळसम्मा खटल्यात ठरवलं, आणि तो निकाल बायकांच्या दृष्टीने मोलाचा होता. उलट, मृत्युपत्राने नव्यानेच दिलेला मर्यादित हक्क मर्यादितच राहतो, असं हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 चं दुसरं पोटकलम सांगतं. पत्नीला पोटगीचा हक्क असतोच. मग तिला दिलेलं ‘तहहयात’ यातल्या कुठल्या खणात पडणार? निकाल इतक्या दिशांना गेले, की डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. म्हणजे मोबाइलवर उतरवलेल्या नमुन्यात नावं भरून हे काम होणार नाही. जाणत्या वकिलाला बसवून, तिच्या निर्वाहाची सोय घराहून वेगळी आणि पुरेशी करून, प्रत्येक शब्द तोलून ते लिहावं लागेल.

एका जोडप्याने असा मसुदा तिन्ही मुलांना समोर बसवून वाचून दाखवला, तेव्हा मी साक्षीदार म्हणून हजर होतो. वाचताना ‘माझ्या मृत्यूनंतर’ या शब्दांपाशी गृहस्थ दर वेळी पाणी पीत होते. वाचून झालं, बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांच्या धाकट्याने, त्याच्या होऊ घातलेल्या सावत्र आईकडे बघत, विचारलं, ‘राहणार तुम्ही, मालक आम्ही, गच्ची गळायला लागली तर खर्च कुणाचा?’ तिची मुलगी खुदकन हसली. त्या एका प्रश्नावर पुढचा तासभर गेला. रोजची डागडुजी राहणाऱ्याने करायची, गच्ची आणि पाइप मालकांनी, त्यासाठी वेगळं खातं काढायचं, असं ठरलं आणि वकिलांनी समासात नवं कलम पेन्सिलीने लिहिलं.